गंजगोलाईतला सुशीला-भज्यांचा गाडा : काय खावं, कधी जावं आणि मामांना घाई का करू नये

लातूरच्या गंजगोलाईत जगदंबेच्या देवळाला वळसा घालून हनुमान चौकाच्या दिशेनं निघालं की सकाळी सहापासून एक निळा गाडा लागतो. पाटी नाही, नाव नाही. गोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास चुकतो. सोपी खूण म्हणजे फोडणीचा वास आणि पाठीला दप्तर लावून उभी असलेली शिकवणीची पोरं. गाडा चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मिरच्या चिरायला, चटणी वाटायला आणि पैशाच्या डब्यावर मामी असतात.

गाड्यावर एरवी जिन्नस दोनच, सुशीला, म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता, आणि भजी. चहा नाही, पोहे नाहीत, इडली नाही. वडापाव विचारला तर मामा न बोलता समोरच्या गाड्याकडे झारा दाखवतात. साडेदहाला, फार तर अकराला कढई उपडी होते आणि मग कुणी कितीही मोठा माणूस आला तरी मिळत नाही.

लातुरात गाड्यावर मिळणाऱ्या सुशीलेत आम्ही ही पहिल्या नंबरावर ठेवतो. मसाला कुणीही घालतो. चुरमुरा पाण्यात किती वेळ राहू द्यायचा आणि बाहेर काढल्यावर किती लवकर कढईत जायला हवा, हे मामांना कळतं. त्यासाठी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, इतका त्यांचा हट्ट आहे. घाणा आधी करून ठेवणं त्यांना मंजूर नाही. एका वेळी अर्धा किलो चुरमुऱ्यांचा घाणा होतो, त्यात दहा प्लेटा निघतात. अकराव्या माणसानं सात-आठ मिनिटं उभं राहायचं. कुणी कुरकुर केली तर ठरलेलं उत्तर येतं : ‘थांबा की मालक, भिजायलेत अजून. लई घाई असल तर पोहे घ्या तिकडं.’

चुरमुरे दोन तऱ्हेचे मिळतात. भेळेचे बारीक, हलके असतात, आणि दुसरे जाड, भरीव, दाताखाली थोडे चिवट लागणारे. सुशीलेला जाडच हवेत. बारीक चुरमुरा पाण्यात पडला की दहा-पंधरा सेकंदांत आतपर्यंत भिजतो आणि पिळताना त्याचा लगदा होतो. जाड चुरमुरा तीस-चाळीस सेकंद टिकतो. वरून मऊ, मधे जरासा कणखर अशा अवस्थेत तो पाण्याबाहेर यायला हवा, कारण पुढची मिनिटभर तो अंगातल्या पाण्यावरच भिजत राहतो. घरी बहुतेकांची चूक इथं होते. चुरमुरा हाताला मऊ लागेपर्यंत पाण्यात ठेवतात आणि कढईत गेल्यावर त्याचा गोळा होतो.

तांदूळ तापलेल्या वाळूत फुलवतात, म्हणून पोत्याच्या तळाशी बारीक वाळू येतेच. मामा पोतं फोडलं की आधी सगळं चाळतात. मग पातेल्यात पाणी घेऊन चुरमुरे टाकतात, तळव्यानं दाबून बुडवतात आणि वर तरंगतात तेवढेच ओंजळीनं उचलतात. पातेलं चाळणीवर उलटं करत नाहीत, त्यामुळे राहिलेली वाळू तळालाच राहते. सुशीला खाताना कचकच लागली तर शंभरातल्या नव्वद वेळा पातेलं उलटं केलेलं असतं. पाणी दर दोन घाण्यांना बदललं जातं. त्याच पाण्यात तिसरा घाणा भिजवला तर ते गढूळ आणि चिकट होतं, खारटही होतं, आणि दाणा सुटा राहत नाही.

पिळण्याची परीक्षा साधी आहे. मूठ आवळल्यावर बोटांमधून थेंब गळत असेल तर पाणी राहिलं. मूठ उघडल्यावर मुटका तसाच उभा राहिला तर जास्त भिजलं. मूठ उघडताच दाणे आपोआप सुटायला हवेत. कमी भिजलेल्यावर हबका मारता येतो, जास्त भिजलेल्यावर इलाज नाही.

पावसाळ्यात चुरमुरे सर्द होतात आणि सर्द चुरमुरा पाण्यात पडताच बसतो. म्हणून जून ते सप्टेंबर मामा ते पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि भिजवण्याआधी कोरड्या कढईत मिनिटभर परततात. कुरकुरीत झाले की मगच पाणी. ज्यांची घरची सुशीला उन्हाळ्यात जमते आणि पावसाळ्यात बिघडते, त्यांनी हे करून पाहावं.

फोडणीला कढई पसरट आणि लोखंडी. अर्ध्या किलोला साधारण दीडशे मिली तेल. आधी शेंगदाणे तळून लालसर होऊ देतात, मग मोहरी, जिरं, आठ-दहा हिरव्या मिरच्या, मूठभर कढीपत्ता आणि तीन मोठे कांदे. कांदा पारदर्शक झाला की थांबायचं. तांबूस केला तर सुशीलेला गोडसर चव येते आणि मिरची मागे पडते. हळद तेलातच पडली पाहिजे. नंतर वरून टाकली तर अर्धे दाणे पिवळे, अर्धे पांढरे राहतात. मीठही फोडणीतच, पण हात राखून, कारण चुरमुरे मुळात खारट असतात आणि भिजवताना त्यातलं किती उतरलं हे त्या दिवशीच्या पोत्यावर असतं. मामींचा एकच धोशा असतो : ‘आवं, मीठ बघा आधी.’ दर घाण्याला एक दाणा त्या स्वतः चाखतात आणि मगच प्लेटा भरल्या जातात.

चुरमुरे पडल्यावर आच मोठी ठेवून दोन मिनिटं, तळापासून वर उलथायचं, झाकण ठेवायचं नाही. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत खाली पडतं. मग गॅस बंद, आणि नंतर डाळव्याचं, म्हणजे भाजलेल्या हरभरा डाळीचं पीठ. हा क्रम महत्त्वाचा आहे. अर्ध्या किलोला साठ-सत्तर ग्रॅम पीठ जातं, ते जादा ओल ओढून घेतं आणि प्रत्येक दाण्याला चिकटून राहतं. गॅस चालू असताना घातलं तर कढईच्या बुडाला लागतं आणि करपट वास सगळ्या घाण्यात पसरतो. डाळवं मामी घरी दळतात, थोडं रवाळ. बारीक पिठासारखं झालं तर टाळूला चिकटतं. शेवटी दोन चमचे साखर, लिंबू आणि कोथिंबीर. इथली कोथिंबीर वासाला तेज असते. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि हंगामात ती गाड्यावर दिसते. उन्हाळ्यात मात्र कोथिंबिरीचा आणि लिंबाचा दोन्हींचा हात आखडतो. एप्रिल-मेमध्ये लिंबाची फोड इतकी बारीक येते की पिळायला नखं लागतात. ही तक्रार रास्त आहे, मामांना ती माहीत आहे आणि ते भावाकडे बोट दाखवतात.

घरी चौघांसाठी करायचं असेल तर दोनशे ग्रॅम जाड चुरमुरे, चार मोठे चमचे तेल, मूठभर शेंगदाणे, एक मोठा कांदा, चार मिरच्या, अर्धा चमचा हळद आणि तीन मोठे चमचे डाळव्याचं पीठ पुरतं. दोनशे ग्रॅमला मोठं पातेलं भरेल, घाबरू नये, भिजल्यावर ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

सुशीला ही एकट्या लातूरची नाही. नांदेड, परभणी, अंबाजोगाई, धाराशिव, सगळीकडे ती नाश्त्याला आहे. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीला तिची भावंडं सुसला म्हणून मिळतात. जोडीला मिरचीभजं घ्यायची रीतही दोन्हीकडे आहे, आणि ती योग्यच आहे. सुशीला मऊ आणि कोरडी, भजं कुरकुरीत आणि तेलकट. एकानंतर एक घास घेतला की दोन्हींची चव उघडते.

भज्यांत मामांची ताकद मिरचीभज्यात आहे. लांब, फिक्या हिरव्या, कमी तिखट मिरच्या येतात. मामी त्यांना उभा काप देऊन बिया काढतात आणि आत चिंचेचा कोळ, मीठ, चुरडलेला ओवा यांचं लेपण भरतात. चिंच पानचिंचोलीकडची असते. निलंगा तालुक्यातल्या त्या चिंचेलाही २०२४ मध्येच मानांकन मिळालं. मिरच्या दहा मिनिटं ठेवल्या की पाणी सोडतात, आणि इथं पुष्कळांचं भजं बिघडतं : ओल्या मिरचीवर पीठ धरत नाही, तळताना सालीपासून सुटतं आणि मधे पोकळी राहते. मामी प्रत्येक मिरची फडक्यानं कोरडी करतात, मग कोरड्या बेसनात हलकी लोळवून ओल्या पिठात बुडवतात.

बेसन विकतचं नाही. लातूर डाळमिलांचं गाव आहे. हरभऱ्याची डाळ मिलमधून घ्यायची आणि गिरणीत जरा भरड दळून आणायची, हा मामांचा शिरस्ता. भरड बेसनाचं भजं जास्त वेळ कुरकुरीत राहतं. स्वस्त बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असेल तर भजं फिकं आणि मऊ पडतं, थंड झालं की चामट होतं. किलोभर बेसनाला शंभर ग्रॅम तांदळाचं पीठ, पंचवीस ग्रॅम मीठ, दहा ग्रॅम ओवा, पन्नास मिली कडकडीत तेलाचं मोहन आणि चिमूट-दोन चिमूट सोडा, यापलीकडे काही नाही. सोडा वाढवला तर भजं फुगतं खरं, पण आत जाळी पडते आणि त्या जाळीत तेल भरतं. कागदावर तेलाचं तळं दिसलं की आधी सोड्यावर संशय घ्यावा, मग थंड तेलावर. पीठ झाऱ्यावरून पट्टीसारखं पडावं, थेंब थेंब नको. पातळ झालं तर भज्याला शेपट्या फुटतात, घट्ट झालं तर आतलं पीठ कच्चं राहतं.

तळणी दोनदा होते. पहिल्यांदा मध्यम तेलात दोन-अडीच मिनिटं, मिरची शिजेपर्यंत. मग बाहेर काढून ठेवतात आणि गिऱ्हाईक आल्यावर चांगल्या तापलेल्या तेलात मिनिटभर. मामांकडे थर्मामीटर नाही. पिठाचा थेंब टाकल्यावर तो बुडाशी जाऊन दोन सेकंदांत वर आला पाहिजे. लगेच वर उसळला तर तेल जास्त तापलं, खाली बसून राहिला तर कमी. भजं झालं की नाही हे ते आवाजावरून ओळखतात. आतलं पाणी उडत असताना तेल तडतडतं, पाणी संपत आलं की आवाज खाली बसतो.

या आवाजावरूनच गाड्यावरचा सगळ्यात गाजलेला वाद झाला. मामांच्या मुलीनं पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा बसवून दिला. दर प्लेटेमागं त्या डब्यातली बाई ओरडायला लागली तसा मामांना तेलाचा आवाज ऐकू येईना, दोन घाणे करपले, आणि मामांनी डब्यावर ओलं फडकं टाकलं. आता तो डबा मामींच्या बाजूला, चटणीच्या पातेल्यामागं असतो. मोबाइलनं पैसे द्यायला काही अडचण नाही, फक्त आवाज मामींनी ऐकला की नाही एवढं बघून निघावं.

मामांची बाकीची गोष्टही इथल्या जुन्या गिऱ्हाइकांकडून अशीच तुकड्यातुकड्यानं कळते. ते सांगत असतात आणि मामा भजी सोडता सोडता दुरुस्त्या करतात. दहा-बारा वर्षांचं लेकरू असताना ते एका खानावळीत चुरमुरे पिळायच्या कामाला लागले. जोर इतका लावायचे की पहिल्याच आठवड्यात मालकानं सुशीलेचे लाडू वळून त्यांच्या पुढ्यात ठेवले. पिळणं म्हणजे दाबणं नव्हे, तळव्यात धरून फक्त पाणी जाऊ द्यायचं, हे त्या लाडवांनी शिकवलं असं मामा म्हणतात. पुढं भाड्याचा गाडा, मग स्वतःचा.

लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी सकाळी अकराचा मुहूर्त काढला होता. सकाळ गिऱ्हाइकांची, हे मामांनी स्पष्ट कळवलं आणि गोरज मुहूर्तावर गाडी आली. हळद लागलेल्या अंगानं ते त्या दिवशीही गाड्यावर उभे होते. त्या सकाळची सुशीला नेहमीपेक्षा पिवळी होती असं एक जुने अडते आजही शपथेवर सांगतात. हळद मापातच होती, हे मामांचं म्हणणं. मामींनी यात अजून कुणाची बाजू घेतलेली नाही.

मधे एकदा मामांनी हॉटेल काढलं. सहा टेबलं, दोन पोरं, भिंतीवर दरफलक. सहा महिन्यांत ते बंद पडलं आणि कारण हिशोबाचं नव्हतं. कढईतून उतरलेली सुशीला टेबलापर्यंत जायला चार-पाच मिनिटं लागायची. पोरगा आधी पाणी ठेवायचा, मग ऑर्डर घ्यायचा, मग दोन टेबलांचं एकत्र आणायचा. तोवर दाणा अंगातल्या वाफेनं बसलेला. मामा आतून उठून बाहेर यायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातातली प्लेट परत न्यायचे. ‘ही बसली, नवी देतो.’ एका सकाळी त्यांनी सगळ्या सहा टेबलांवरच्या प्लेटा उचलल्या. त्या आठवड्यात टेबलं विकली आणि गाडा पुन्हा गोलाईत आला. गंमत वाटते खरी, पण गाड्यावर उभं राहून खाणाऱ्याला कढई आणि तोंड यात हातभर अंतर मिळतं, आणि या पदार्थाला तेच लागतं. मोठ्या हॉटेलात सुशीला क्वचितच जमते, ती यामुळेच.

पण मामांचा खरा कस लागला २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरकरांना ते दुष्काळाचं वर्ष सांगायला नको. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सुशीलेचा हिशोब सोपा आहे : अर्ध्या किलोच्या दोन घाण्यांना मिळून आठ-दहा लिटर पाणी, शिवाय प्लेटा धुणं वेगळं. पुष्कळांनी त्या काळात एकाच पाण्यात पाच-सहा घाणे भिजवले आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. मामांनी सुशीला बंद केली. चुरमुरे कोरडेच परतून, लसूण-तिखटाची फोडणी देऊन भडंग विकायला सुरुवात केली, बरोबर भजी, तीही पत्रावळीवर म्हणजे धुवायला नको. गाड्याला एक शाळेची पाटी टांगली : ‘पाणी आल्यावर सुशीला.’ रेल्वे आली त्या दिवशी लोक गाड्यावर गोळा झाले. मामांनी पाटी काढली नाही. ते पाणी प्यायचं आहे, चुरमुरे भिजवायचं नाही, असं त्यांचं उत्तर. पाटी उतरली पाऊस पडल्यावर. भडंगाची मागणी अजून होते, विशेषतः प्रवासाला निघालेल्यांकडून, आणि मामा ते फक्त मार्च ते मे करतात. बाकी वर्षभर विचारू नये.

टाळेबंदीनंतर फेरीवाल्यांसाठीच्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतलं दहा हजारांचं पहिलं कर्ज त्यांनी घेतलं आणि फेडलं, मग वीस हजारांचं दुसरं घेऊन गाड्याला स्टीलचा पत्रा बसवला. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला या योजनेत सात टक्के व्याज अनुदान आहे. नव्यानं गाडा लावणाऱ्यांना मामा आधी महापालिकेत नोंदणी करा, ओळखपत्र घ्या, असं आवर्जून सांगतात. निळा रंग तेव्हाचाच. गिऱ्हाइकांनी लाल सुचवला होता, पण लाल पत्र्यावर तळणाचा रंग नीट दिसत नाही म्हणून मामांनी तो नाकारला.

आता व्यवहाराचं. सुशीलेची प्लेट ३० रुपये, दोन मिरचीभज्यांसह ४५. कांदाभजी १०० ग्रॅमला २५. यांतली पहिली दोन डोळे मिटून घ्यावीत. कांदाभजी मात्र सामान्य आहेत. कांदा जाड चिरलेला असतो आणि मिठात पुरेसा मुरत नाही, म्हणून पिठात वरून पाणी घालावं लागतं आणि भजी जड होतात. कांदा पातळ चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला तर त्याच्याच पाण्यात बेसन मळता येतं. मामांच्या हातून हे होत नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष चुरमुऱ्यावर. हिरवी चटणी सकाळी सातला चांगली दाट असते. नऊनंतर ती पुरवून वापरण्यासाठी पातळ होते. शेंगदाण्याची कोरडी चटणी शेवटपर्यंत उत्तम, ती मागून घ्यावी, आपणहून देत नाहीत.

तेलाबाबत गाडा भरवशाचा आहे. रोज सकाळी तीन लिटर ताजं सोयाबीन तेल कढईत पडतं, लागेल तशी भर, आणि दिवसाअखेर उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. तळून तळून तेल बिघडतं तसे त्यात जे ध्रुवीय घटक साठतात त्यांची मर्यादा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं पंचवीस टक्के ठेवली आहे. ते मोजायचं यंत्र गाड्यावर नसतं, पण खाणाऱ्याला खुणा दिसतात : कढईच्या कडेनं फेस जिरत नाही, तेल काळसर आणि चिकट होतं, मध्यम आचेवरच धूर निघतो. यातलं इथं काही दिसत नाही. भजी वर्तमानपत्रात बांधत नाहीत, ही दुसरी चांगली गोष्ट. छपाईची शाई गरम तेलात उतरते, म्हणून त्यावर बंदीच आहे. साधा कोरा कागद किंवा पत्रावळ मिळते.

स्वच्छतेत एक उणीव आहे. प्लेटा तीन टपांत धुतल्या जातात, तिसरा टप स्वच्छ पाण्याचा. साडेसात ते साडेआठ शिकवणीच्या पोरांची गर्दी असते तेव्हा तो टप वेळेवर बदलला जात नाही. लातूरच्या शिकवण्यांना मराठवाडाभरातून मुलं येतात आणि सकाळचा तास सुटला की सगळी एकदम गोलाईत उतरतात. त्या तासात जायचंच असेल तर पत्रावळ मागावी, मामी लगेच देतात. उत्तम वेळ सव्वासहा ते सात, किंवा नऊनंतर. रविवारी बाहेरगावची मंडळी असतात, वीस मिनिटं धरून चालावं.

पार्सलचा नियम सगळ्यांत आधी समजून घ्यावा, नाहीतर अपमान झाल्यासारखं वाटतं. मामा बांधण्याआधी विचारतात, कुठं जायचंय? औसा रोडला, म्हणजे शहरातच जायचं म्हटलं तर देतात. औशाला, म्हणजे दुसऱ्या गावाला जायचं म्हटलं तर देत नाहीत. दहा मिनिटांवर गेलेली सुशीला त्यांच्या मते त्यांची राहत नाही. लोकांनी खोटी ठिकाणं सांगून पाहिलं आहे, आणि मामा मोटारसायकलला बांधलेल्या पिशव्या बघून ओळखतात. दूर न्यायचीच असेल तर एक मार्ग त्यांनीच काढला आहे : फोडणी वेगळ्या डबीत, डाळव्याची पुडी वेगळी, चुरमुरे कोरडे. घरी जाऊन भिजवायचे, पिळायचे, फोडणी गरम करून एकत्र करायचं. किती सेकंद भिजवायचं ते मामा पिशवीवर पेनानं लिहून देतात आणि पावसाळा असेल तर आधी परतायला सांगतात. याचे पैसे प्लेटेइतकेच.

बसायला जागा नाही, दोन लाकडी स्टुलं आहेत आणि ती म्हाताऱ्यांसाठी. गाडी गोलाईत आणू नये, सकाळीही मालाचे टेम्पो असतात. मुख्य रस्त्याला लावून चालत यावं. दर अमावस्येला गाडा बंद. बरोबर लहान लेकरू असेल तर बिनमिरचीची सुशीला मिळते, पण फोडणी पडायच्या आधी सांगावं लागतं. मिरच्या तेलात पडल्या की मामा पुढच्या घाण्याला थांबवतात, आणि मग लेकराच्या हातात वेळ काढायला ओंजळभर कोरडे चुरमुरे फुकट येतात.